थोरल्यांचं ‘बरोबर’

दुकानात दोघे भाऊ होते तेव्हा गिऱ्हाइकं त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. थोरले जाऊन आठ महिने झाले, तरी बासष्टाव्या वर्षी धाकटे धाकटेच राहिले.

औषध देण्याची दोघांची एक रीत होती. धाकट्यांनी फळीवरून पट्टी काढायची, नाव आणि ताकद मोठ्याने वाचायची. थोरल्यांनी स्टुलावर बसून ती हातात घ्यायची, चिठ्ठीशी ताडून पाहायची आणि ‘बरोबर’ म्हणायचं. त्याशिवाय काउंटरपलीकडे काही जात नसे.

थोरले गेल्यावर दुकान उघडलं त्या पहिल्या दिवशी धाकट्यांनी सवयीने रिकाम्या स्टुलाकडे बघून नाव वाचलं, आणि स्टुलावरून आवाज आला, “बरोबर.” तोच जरासा बसका आवाज. धाकटे चांगलेच दचकले. पण पुढे त्या आवाजाची सवय झाली आणि सवयीचा आधार झाला. वहिनी म्हणायच्या, “भावोजी, कुणीतरी जोडीला घ्या.” ते म्हणायचे, “निभतंय.” निभतंय कुणाच्या जिवावर, हे सांगायची त्यांना लाज वाटे.

दर गुरुवारी दुपारी ते जोखमीच्या गोळ्या मोजत. त्या गुरुवारी रक्त पातळ करणाऱ्या गोळीची एक मिलिग्रॅमची पट्टी एक जास्त भरली, आणि पाचची एक कमी. त्यांनी पुन्हा मोजलं. तेच. आठवड्यात ही गोळी एकट्या शिंपीमास्तरांनी नेली होती, सोमवारी. धाकट्यांना सगळं लख्ख आठवलं. ‘एक मिलिग्रॅम’ त्यांनी वाचलं होतं ते चिठ्ठीवरून. हातातली पट्टी वाचलीच नव्हती. आणि स्टूल म्हणालं होतं, बरोबर.

अर्धं शटर ओढून ते निघाले. मास्तर दोन गल्ल्या पलीकडे राहत. ते मशीनवर होते.

“काय धाकटे, औषध घरपोच द्यायला लागलात? मग सोमवारी माझी पायपीट का केलीत?”

“मास्तर, नवी पट्टी दाखवा.”

पट्टीतल्या तीन गोळ्या गेलेल्या होत्या. मास्तरांच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती आणि ती भिजून लाल झाली होती.

“सकाळी सुई टोचली,” मास्तर म्हणाले. “थांबायचं नाव नाही. वय झालं म्हणायचं.”

“वय नाही. मी पाचपट ताकदीची गोळी दिली तुम्हाला. चूक माझी आहे.”

मास्तरांनी पाय मशीनवरून खाली घेतला. मग म्हणाले, “थोरले असते तर…” आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी लगेच रक्त तपासलं, औषध दिलं. “पातळ झालंय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर मी असं बोललो नसतो.”

परत येऊन धाकट्यांनी तपासणीची वही काढली, चूक लिहायला. तिथे त्यांचा हात थांबला. ‘दुसऱ्याने तपासले’ या रकान्यात गेले आठ महिने ओळीने थोरल्यांची सही होती. शाई निळी, अक्षर मात्र धाकट्यांचं स्वतःचं. एकही सही केल्याचं त्यांना आठवेना.

वही काखेत मारून ते वहिनींकडे गेले. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. धाकट्यांनी मास्तरांचं सांगितलं, सह्या दाखवल्या, आणि शेवटी मान खाली घालून आवाजाचंही सांगितलं.

वहिनींनी सह्यांवरून बोट फिरवलं. “काय म्हणतात?”

“बरोबर. दर वेळी.”

“दर वेळी? एकदाही ‘थांब’ नाही? ‘काय दिलंयस रे हे’ नाही?”

“नाही.”

“मग ते हे नव्हेत,” वहिनी म्हणाल्या. “पस्तीस वर्षांत माझं मीठसुद्धा एका फटक्यात बरोबर म्हणाले नाहीत.”

त्या हसल्या आणि मग घडी घालता घालता तोंड फिरवून बसल्या. धाकट्यांना हसू आलं नाही. थोरले होते तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी चूक पकडत. आठ महिने दुकानात मग कोण बसत होतं?

“सकाळी येते मी,” वहिनी म्हणाल्या. “वाचता येतं मला. स्टूल पुसून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी पहिली चिठ्ठी आली. धाकट्यांनी पट्टी काढली, या वेळी पट्टीवरूनच नाव आणि ताकद वाचली. वहिनी पर्समध्ये चष्मा शोधत होत्या.

“बरोबर,” थोरले म्हणाले. अगदी कानाशी, मायेने.

धाकट्यांचे डोळे भरून आले. पट्टी त्यांनी हातातच ठेवली, आणि वहिनींचा चष्मा सापडेपर्यंत गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.