नवव्या सरावाचे पैकीच्या पैकी

मी खोडरबर बोलतोय. थोडक्यात बोलेन. निम्मा झिजलो आहे, उरलेला बडबडीत घालवायचा नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबर, गंधक आणि दगडाची बारीक पूड एकत्र मळतात, तापवतात, लांब पट्टी काढतात आणि सुरीने तिचे तुकडे करतात. अंगावर निळ्या कागदाचा सदरा चढवतात. लोकांना वाटते, रबर म्हणजे मऊ आणि गरीब. तसे नाही. माझ्या अंगात दगड आहे, म्हणून कागदावरचे शिसे निघते.

दुकानाच्या काचेच्या बरणीतून मला एका म्हाताऱ्याने उचलले. उंच, ताठ, शर्टाचे वरचे बटणसुद्धा लावलेला. यंत्रांच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. त्याने दुकानदाराकडून कागद मागितला, पेन्सिलीची रेघ मारली आणि बरणीतला एकेक रबर तिच्यावर घासून बघू लागला.

"आजोबा, रबर घेताय की घर?" दुकानदाराने विचारले.

"घर घेतानाही भिंत ठोकून बघितली होती," म्हातारा म्हणाला. "हा डाग ठेवतो. हा कागद खातो. हा चालेल."

'हा चालेल' तो मी. त्याच्या तोंडून कोणाचीही याहून मोठी स्तुती मी पुढे कधी ऐकली नाही.

मला आणले होते त्याच्या सुनेसाठी. ती इस्पितळात कामाला होती. शस्त्रक्रियेची हत्यारे धुणे, वाफेत टाकणे, कापडात बांधून वर पाठवणे, हे तिचे काम. कात्री कुठली, चिमटा कुठला, कुठल्या गठ्ठ्यात काय जाते, सगळे तिला तोंडपाठ. पण तिला नर्स व्हायचे होते. लग्नाआधीपासून व्हायचे होते, ते राहून गेले. आता नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसता येत होते, पण वयाची अट होती आणि तिच्यासाठी हे शेवटचे वर्ष होते. बाकीच्या विषयांची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती इंग्रजीची. त्यात ठरावीक गुण मिळाले नाहीत, तर बाकीचे पेपर तपासतसुद्धा नसत.

या इंग्रजीच्या पेपरात वाक्ये दुरुस्त करायची असतात. वाक्याच्या चार तुकड्यांखाली रेघा मारलेल्या असतात आणि ए, बी, सी, डी अशी अक्षरे असतात. चौघांत एक चुकीचा. तो ओळखायचा आणि त्याच्या अक्षराचा गोल पेन्सिलीने भरायचा. चौघांना ओळीत उभे करून चोर पकडण्यासारखेच. फरक एवढाच, की इथे चौघेही सभ्य दिसतात.

सरावाचे पुस्तक तिने वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरकडून मागून आणले होते. सिस्टरने देताना बजावले होते, "पेन लावायचं नाही. जसं दिलंय तसं परत हवं." म्हणून पेन्सिल आणि म्हणून मी.

घरात पद्धत ठरली. सकाळची पाळी संपवून सून दुपारी घरी येई. जेवण उरकले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक उघडे. तिच्या समोर सासरा बसे. त्याच्या हातात उत्तरांची वेगळी पातळ पुस्तिका. यंत्रांवरची अक्षरे वाचून वाचून त्याला इंग्रजी लिपी येत होती. अर्थ येत नव्हता. पण ए, बी, सी, डी ओळखायला अर्थ कशाला लागतो? सून गोल भरून झाली की अक्षरे वाची, तो पुस्तिकेत बघे.

"एकला बी."

"बरोबर."

"दोनला डी."

"चूक. लक्ष कुठंय?"

मग ती योग्य अक्षर बघून घेई, मान हलवी आणि सगळे पान मी साफ करी. पुस्तक संपले की पुन्हा पहिल्या सरावापासून सुरुवात. नवे पुस्तक कशाला आणायचे? पान कोरे झाले की पुस्तक नवेच, असा म्हाताऱ्याचा हिशेब. मलाही तो पटला होता. माझे काम मी चोख करत होतो. उन्हात धरले तरी गोलात शिशाची छाया दिसत नसे.

पहिल्या फेरीत तिचे निम्मेसुद्धा बरोबर येत नव्हते. दुसऱ्या फेरीत वाढले. पुढच्या फेऱ्यांत चुका शोधाव्या लागू लागल्या. म्हातारा खूश होता. अर्थात चेहऱ्यावर दाखवत नसे. पण संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे जाऊन बसे. मी तेव्हा त्याच्या खिशात असे, कारण रबर हरवतात म्हणून मला तो स्वतःजवळ ठेवी.

"कसा चाललाय सूनबाईंचा अभ्यास?" शिंपी विचारी.

"मी तपासतो," म्हातारा म्हणे. एवढेच. पण ते असे म्हणे, की शिंप्याने यंत्र थांबवून मान वर करावी.

घरी मुलगा चेष्टा करी. तो बस आगारात कामाला होता. "बाबा, परीक्षेला तुम्हीच बसा. तिला स्वयंपाकाला मोकळीक मिळेल."

"तुला चौथीत इंग्रजी नव्हतं, तरी नापास झालास," म्हातारा म्हणे. "तू बस आगारातच बस."

मला मात्र एक गोष्ट दिसू लागली होती. सुनेची पेन्सिल आता थांबत नसे. पूर्वी ती वाक्यावर बोट ठेवी, ओठ हलवी, कपाळाला आठ्या घाली. आता डोळे थेट गोलांवरून खाली उतरत. पाळीवरून दमून आलेली बाई. हात आपोआप चाले. पण मला तोंड नाही, आणि पैकीच्या पैकी गुण मिळत असताना कोण कोणाचे ऐकतो?

परीक्षा पंधरवड्यावर आली होती. एका दुपारी सातवा सराव चालू असताना म्हाताऱ्याच्या बशीतला चहा पुस्तकाच्या कडेवर सांडला. सुनेने घाईने फडक्याने टिपला आणि पुस्तक मिटून ठेवले. आतली दोन पाने एकमेकांना चिकटली, ते कोणाला कळले नाही. दुसऱ्या दिवशी तिने सातव्या सरावाचे पान उलटले. त्याच्यासोबत आठव्याचेही उलटले गेले. समोर आला नववा.

तिने गोल भरले. नेहमीसारखेच, भरभर. म्हाताऱ्याने पुस्तिकेत आठवा सराव उघडला.

"एकला सी."

"बरोबर."

"दोनला ए."

"बरोबर."

शेवटपर्यंत बरोबर. म्हाताऱ्याने पुस्तिका टेबलावर ठेवली, सरळ केली आणि म्हणाला, "पैकीच्या पैकी. आता घाबरायचं कारण नाही."

सुनेने मला हातात घेतले आणि पान साफ करायला सुरुवात केली. वरचे दोन-चार गोल गेले. मग तिचा हात थांबला. मी कागदावर तसाच टेकलेला. तिने मला उचलले, भुगा फुंकला आणि पानावरचे पहिले वाक्य वाचले. बोट ठेवून, ओठ हलवून, पूर्वीसारखे. त्यात जहाजाचा कप्तान होता.

"बाबा, आठव्याचं पहिलं वाक्य माळ्याचं आहे," ती म्हणाली. "हा कप्तान कुठून आला?"

"मला काय विचारतेस? मी अक्षरं बघतो."

तिने पानाचा माथा बघितला. मग चिकटलेली पाने नखाने हळूच सोडवली. कोरडा कागद फाटताना येतो तसा आवाज आला. आतून आठवा सराव निघाला, माळ्यासकट.

"हा नववा आहे. मी नवव्यावर आठव्याची उत्तरं भरली."

"मग काय झालं? आले ना पैकीच्या पैकी?"

"बाबा!" ती जवळजवळ ओरडली. "मी वाक्यं वाचलीच नाहीत. एकही नाही. मला फक्त अक्षरं पाठ झाली आहेत. कुठल्या ओळीत कुठला गोल, एवढंच. परीक्षेत हे पुस्तक नसणार."

म्हाताऱ्याने पुस्तिका पुन्हा उचलली. पुढचे पान उघडले. नवव्याच्या उत्तरांवरून बोट फिरवत तो तिने भरलेल्या गोलांशी ताडून बघू लागला. वरचे मी खोडले होते, खालचे शिल्लक होते. त्यांतला जेमतेम चौथा हिस्सा बरोबर होता. डोळे मिटून भरले असते तरी तेवढे आलेच असते.

सुनेने पदराने तोंड पुसले. "जाऊ द्या," ती म्हणाली. "हत्यारं धुण्यात काय वाईट आहे? पगार मिळतो."

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड," म्हातारा म्हणाला. "इथं काम आहे. तो कप्तान घे. त्यात चूक काय आहे?"

"तुम्हाला इंग्रजी कुठं कळतं?"

"कळत नाही म्हणूनच मला सांग. अक्षर सांगू नकोस. काय चुकलं आणि का चुकलं, ते आपल्या भाषेत सांग. मला पटलं तर बरोबर."

त्या दिवसापासून पद्धत बदलली. उत्तरांची पुस्तिका म्हाताऱ्याने कपाटावर टाकली. सून वाक्य वाची, अर्थ सांगे, चूक सांगे आणि तो भांडे.

"इथं म्हटलंय, औषधांनी भरलेली पेटी टेबलावर आहेत," ती म्हणे.

"पेटी आहेत? असं कोण बोलतं?"

"कोणीच नाही. पण मधे औषधं आली, म्हणून जीभ घसरते."

"मग मधल्यांकडे बघायचंच नाही. मालक कोण ते आधी शोधायचं. पटलं. पुढचं."

सगळेच असे सहज सुटत नसे. काही वाक्यांत एखादा बारकासा शब्द असे, जो आपल्या भाषेत नाहीच. "तो तिथे लागतोच," ती म्हणे. "का?" म्हातारा विचारी. "त्यांच्यात तशी पद्धत आहे." "पद्धत म्हणजे कारण नव्हे. नाही पटलं." मग ती दुसऱ्या दिवशी इस्पितळात मोठ्या सिस्टरला गाठी, समजून घेई आणि येऊन सासऱ्यापुढे पुन्हा उभी राही. कधी कधी तो मुद्दाम बरोबर तुकड्याला चूक म्हणे. ती चिडे, टेबलावर हात आपटून सिद्ध करी. मुलगा दारातून डोकावून म्हणे, "पोलीस बोलवू का?"

माझे काम कमी झाले. म्हाताऱ्याला पटेपर्यंत गोल खोडायचा नाही, असा नियम झाला. चुकीचे गोल पानावर दिवसचे दिवस राहू लागले आणि मी टेबलाच्या कोपऱ्यात पडून ते बघत राहू लागलो. खरे सांगतो, मला अपमान वाटला. खोडरबराला डागापुढे हात बांधून बसवणे म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. पण तिची पेन्सिल पुन्हा थांबू लागली होती. हेही मी बघत होतो.

परीक्षेच्या सकाळी म्हाताऱ्याने मला तिच्या हातात दिले. "खात्रीचा आहे," एवढेच म्हणाला.

मोठी खोली, ओळीने बाके, भिंतीवर घड्याळ. इंग्रजीचा पेपर आला. ती हळू चालली होती. शेजारची मुलगी पान उलटत होती तेव्हा ही अजून अर्ध्यावर. मग एक वाक्य आले. पहिले तीन-चार शब्द थेट आमच्या पुस्तकातले, तोच माळी, तीच बाग. तिच्या हाताने क्षणात गोल भरला. मला कळले, हा गोल तिने भरला नाही, जुन्या फेऱ्यांनी भरला. ती पुढच्या प्रश्नावर गेली. मग थबकली. मागे आली. वाक्यावर बोट ठेवले आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचले. पुढचा भाग वेगळा होता. चूकही वेगळ्या तुकड्यात होती.

तिने मला उचलले. परीक्षेचा कागद पातळ असतो. जोर जास्त झाला तर फाटतो, कमी झाला तर छाया राहते आणि तपासणारे यंत्र दोन उत्तरे धरते. मी तो गोल असा पुसला, की जणू कधी भरलाच नव्हता. तिने दुसरा भरला. हजारो गोल खोडले मी आयुष्यात. कामाचा तो एक.

निकालाच्या दिवशी ती इस्पितळातून धावत आली. इंग्रजीत जेवढे लागत होते, त्याहून एकच गुण जास्त मिळाला होता. म्हाताऱ्याने विचारले, "बाकीचे कुठे गेले?" मग तो उठला, बटण लावले आणि शिंप्याकडे गेला. यावेळी काय म्हणाला ते मला माहीत नाही. मी तिच्याकडे होतो.

आता ती शिकते आहे. पहिल्या दिवशी तिने मला गणवेशाच्या खिशात घालून नेले. तिथे रुग्णाच्या कागदांवर नोंदी करायला शिकवणाऱ्या बाईंनी मला पाहिले आणि सांगितले, "हा घरी ठेवा. इथं काही खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं आणि सही करायची. आधी काय लिहिलं होतं, ते पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो."

म्हणून मी घरी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून फटीत खुपसलेला. खोडायचे काम क्वचित निघते. तक्रार नाही. बाईंचे म्हणणे मला पटले, आणि मला सहजासहजी काही पटत नाही.

तुमच्याही घरात माझा कोणीतरी भाऊबंद असेल. त्याला जरूर वापरा, त्यासाठीच आम्हाला बनवले आहे. फक्त तो कागदावर टेकवण्याआधी आपली चूक एकदा बोट ठेवून वाचा. एकदा आम्ही ती खोडली, की मागितलीत तरी परत देता येत नाही.