दोन कुलपं, एक खो

बडोद्याच्या नागरवाड्यातल्या नवतरुण क्रीडा मंडळाच्या फाटकाला दोन कुलपं होती आणि त्यांच्या किल्ल्या ज्यांच्या खिशात होत्या, त्या दोन नवतरुणांची वयं मिळून दीडशेच्या पुढे जात होती. वरचं कुलूप चिटणीस पिलाजीरावांचं, खालचं अध्यक्ष शरच्चंद्रकाकांचं. पिलाजीरावांनी आधी लावलं म्हणून त्यांना वरची कडी मिळाली, आणि अध्यक्षांना खाली वाकावं लागलं. हेही काकांच्या मनात होतंच.

भांडण मात्र त्याहून जुनं. खो-खोत मागून पाठीवर हात ठेवून तोंडाने ‘खो’ म्हटल्याशिवाय बसलेल्या गड्याने उठायचं नसतं. तरुणपणी एका अंतिम सामन्यात पिलाजीरावांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. खो म्हटला, असं ते आजही छातीठोक सांगतात. म्हटलाच नाही, असं काका सांगतात. काका बसून राहिले आणि सामना गेला. तरी पुढे दोघांनी मंडळ गुण्यागोविंदाने चालवलं. मग सुवर्णमहोत्सवात एका पाहुण्याने भाषणात नेमकी तीच आठवण काढून माती खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला दोन कुलपं लागली.

यात मधल्यामधे मंडळाच्या मुलींना खो-खो शिकवणाऱ्या मोहनाचे हाल. मकरपुऱ्याच्या कारखान्यातली तिची नोकरीसुद्धा याच मैदानावरच्या खो-खोने मिळवून दिलेली. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरली की ती गल्लीतच मुलींना खेळवायची. मुली स्कूटरवाल्यांना चुकवण्यात इतक्या तयार झाल्या होत्या की प्रतिस्पर्ध्यांची त्यांना भीतीच उरली नव्हती. पण गुडघे फुटत होते, आणि आता मैदानच जायची वेळ आली होती. जागा भाडेपट्ट्याची. महिनाअखेरपर्यंत तिथे खेळ सुरू झाला नाही, तर पट्टा संपणार आणि मैदानावर मोटारी उभ्या राहणार. आयुष्यात कुणी मोहनाला पहिल्यांदा शाबास म्हटलं होतं, ते त्या मातीत.

ती दोघांच्याही घरी जाऊन आली. दोन्ही घरी बटाट्याचा लीला चिवडा मिळाला आणि दोन्ही घरी एकच उत्तर मिळालं, “त्याने आधी काढावं.” मग तिने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मैदान उघडा’ नावाचा ग्रुप काढला. त्यात लोकांनी भरभरून गुलाबाची फुलं पाठवली. प्रत्यक्षात कुणी फिरकलं नाही.

शेवटी तिला बॅनर सुचला. दोघे म्हातारे एकमेकांकडे पाठ करून बसलेत, म्हणजे कुणीतरी खो देण्याचीच खोटी. तिने दांडिया बाजारात बॅनर छापणाऱ्या कनुभाईंना दोघांचे फोटो पाठवले आणि बस सुटता सुटता मजकूर फोनवर बोलून धाडला, “शरच्चंद्रकाका, पिलाजीरावकाका, खो द्या. रविवारी सकाळी नऊ वाजता सर्वांनी मंडळाच्या फाटकापाशी यावं.” बॅनर शनिवारी रात्री परस्पर लावायलाही सांगितलं. डोळ्यांखालून घालायचं काही तिला सुचलं नाही.

रविवारी ती मुलींना घेऊन पोचली, तर फाटकापुढे हीऽ गर्दी. मोहना हरखली. मग लक्षात आलं की सगळे पांढऱ्या कपड्यांत आहेत आणि कुणीच मोठ्याने बोलत नाही. अर्धा दांडिया बाजार बेसण्याला आला होता. मेलेल्या माणसासाठी बडोद्यात लोक असे बसायला जातात.

तिने वर पाहिलं. बॅनरवर दोन्ही काकांच्या फोटोंना झेंडूचे हार होते, मधे समई होती आणि खाली ठळक अक्षरांत होतं, ‘शरच्चंद्रकाका, पिलाजीरावकाका, खो दिया.’

कनुभाई पांढरा झब्बा घालून पुढेच उभे होते. “मोहनाबेन, तमे जे बोल्या ए ज छाप्युं,” ते हळहळत म्हणाले. “फूलहार मारा तरफथी.” हार त्यांनी पदरचे घातले होते.

मोहनाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती बॅनर उतरवायला शिडी शोधत होती, तेवढ्यात रिक्षा थांबली आणि शरच्चंद्रकाका उतरले. गर्दी दचकून मागे सरली. काकांचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

“काका, माफ करा, तो बॅनर…”

“माझं सोड, मी आहे,” काका म्हणाले. “सकाळपासून सगळ्यांना फोनवर तेच सांगतोय. पण पिल्याची शुगर गेली काही वर्षं वाईटच होती. मला कुणी कळवलंसुद्धा नाही गं.” त्यांनी फाटकाकडे पाहिलं. “त्याला शेवटचं इथून न्यायला हवं होतं. मैदानावरून.”

खरं सांगायला मोहनाने तोंड उघडलं. तेवढ्यात काकांनी खिशातून किल्ली काढली. मोहनाने तोंड मिटलं. लाज वाटली, पण मिटलं.

काका पायरीवर बसले, रस्त्याकडे पाठ करून. खालच्या कुलपाला गंज चढला होता. बऱ्याच खटपटीनंतर कुलूप खट्कन उघडलं. मग त्यांनी वरच्या कुलपाकडे पाहिलं आणि तसेच बसून राहिले. गुडघ्यांवर हात ठेवून ते रडत होते.

मोहनाच्या मागून कुणीतरी गर्दीतून वाट काढत आलं. हातात वर्तमानपत्राची सुरळी, चेहरा संतापाने लाल. कोण आपल्याला मारायला निघालंय, याचा जाब विचारायला पिलाजीराव जातीने आले होते. त्यांनी बॅनर पाहिला. पायरीवर बसलेली पाठ पाहिली, बाजूला पडलेलं उघडं कुलूप पाहिलं. सुरळी त्यांनी मोहनाच्या हातात दिली.

मग ते पुढे झाले, वाकले, आणि काकांच्या पाठीवर हात ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, “खो.”

काका उठले. गुडघे धरत, फाटकाचा आधार घेत, पण उठले. वळून त्यांनी पिलाजीरावांकडे बराच वेळ पाहिलं आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

“ओरडतोस कशाला? आला ऐकू,” ते म्हणाले. “किल्ली काढ. पोरी खोळंबल्यात.”