वाटणीतला कॉम्प्युटर

कुसुमबेननी कंकोतरीच्या, म्हणजे लग्नपत्रिकेच्या, प्रोग्रॅमवर दोनदा टिचकी मारली, चष्मा कपाळावर चढवला आणि तुरीच्या शेंगांची थाळी मांडीवर ओढली. समोर बसलेल्या पोपटभाईंना वाटलं, बाईंनी आपलं काम बाजूला सारलं.

"काम चालूच आहे," त्या शेंग सोलत म्हणाल्या. "हा उघडेपर्यंत माझी भाजी होते."

पडद्यावर प्रोग्रॅमचं नाव उमटलं आणि तिथंच थिजलं. पोपटभाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, की हा मुहूर्त बघून उघडतो की काय.

"म्हातारा झालाय. उठायच्या आधी सगळ्या देवांची नावं घेतो."

पोपटभाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. कमुरत्यात, म्हणजे संक्रांतीआधीच्या महिन्यात, शुभकार्य करायचं नसतं, पण उत्तरायणानंतरच्या लग्नांची कार्डं कमुरत्यातच छापावी लागतात, त्यामुळे महुव्यात हे दिवस देवांना सुट्टीचे आणि छपाईवाल्यांना घाईचे. थोरलीच्या वेळचं कार्ड तसंच ठेवा, नवरा-नवरी, तारीख आणि लग्नाची वाडी तेवढी बदला, असं पोपटभाईंचं म्हणणं होतं. टहुका मात्र नवा हवा. टहुका म्हणजे कार्डाच्या तळाशी घरातल्या पोराच्या नावानं छापलेलं बोबडं आमंत्रण. त्या बाबतीत गावात कुसुमबेनचा हात धरणारं कुणी नव्हतं. ज्यांच्या तोंडी त्यांनी 'जलूल जलूल या' घातलं होतं, त्यातली काही पोरं आता स्वतःच्या लग्नाची कार्डं घेऊन यायला लागली होती.

प्रोग्रॅम उघडला तेव्हा अर्धी थाळी सोलून झाली होती, आणि व्याही कुठले, त्यांना साखरेचा त्रास किती, नवऱ्यामुलाची पहिली सोयरीक कशावरून फिसकटली, हे सगळं पोपटभाईंनी सांगून टाकलं होतं. यातलं काहीच कार्डावर छापायचं नव्हतं. पण कुसुमबेनना ते लागायचं.

पोपटभाई गेले आणि कागदाचे गठ्ठे रचत बसलेले धनसुखभाई बोलले. उत्तरायणापर्यंत वाट बघायची. तोवर हे मशीन सुधारलं नाही तर भंगारात. भावनगरचा एक पोरगा फोनवर नक्षी पाठवतो, गिऱ्हाईकाला शेंगा सोलताना बघत बसावं लागत नाही.

"आणि तू आराम कर," ते म्हणाले.

आराम हा शब्द धनसुखभाई बायकोला फक्त मंदीच्या वर्षी देत. कुसुमबेननी पुढची शेंग सोलली. घरी सून होती, चांगली होती, आणि म्हणूनच घरात त्यांना काही काम नव्हतं. सुनेनं दिलेला चहा पिऊन टीव्हीसमोर बसायचं आणि दुपारी पुन्हा सुनेनं दिलेला चहा प्यायचा. इथं या खुर्चीत मात्र अख्खं गाव आपल्या पायांनी चालत येत होतं. खुर्चीची वेताची जाळी त्यांच्या देखत दोनदा बदलली होती. तिसऱ्यांदाही त्यांच्याच देखत बदलावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

दिवाळीपर्यंत हे दुकान एक होतं. कुसुमबेनचा धाकटा भाऊ किरीट त्यात भागीदार होता. तो मजकूर तपासायचा, आणि तपासायचा म्हणजे असा, की एकेका कार्डावर जपाला बसल्यासारखा बसायचा. धनसुखभाईंचं मत, की लोक आपलं नाव बघतात, भावाचं आपल्यापेक्षा मोठ्या अक्षरात नाही ना ते बघतात, आणि कार्ड टोपलीत टाकतात. एकदा एका घाईच्या गिऱ्हाइकाचं काम किरीटनं एका नावासाठी अडवून धरलं. गिऱ्हाईक उठून गेलं आणि मेहुण्या-मेहुण्यांत जुंपली.

"तू कार्ड वाचतोस का पुराण?" धनसुखभाई म्हणाले.

"कुमार, तुमच्या लेखी कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा," किरीट म्हणाला.

जावयाला कुमार म्हणायची त्यांच्याकडची रीत. ती किरीटनं भांडतानाही सोडली नाही, त्यामुळे भांडण उगाच लांबलं. मान राखून अपमान करायला वेळ लागतो. दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. मोठा प्रिंटर आणि कागद कापायचं मशीन किरीटकडे गेलं. स्क्रीन छपाईचं टेबल, पाटी आणि कॉम्प्युटर धनसुखभाईंकडे राहिला. कुसुमबेन कॉम्प्युटरबरोबर आल्या. चहावाल्यानंही आपली वाटणी करून घेतली: पूर्वी एक किटली द्यायचा, आता दोन अर्ध्या देऊन दोन पूर्ण लिहायला लागला.

तेव्हापासून मशीन जड झालं होतं. पण त्या दिवसांत दुकानात सगळंच जड झालेलं, त्यामुळे कुणी त्याची वेगळी नोंद घेतली नाही.

धनसुखभाईंनी आपल्या परीनं उपाय केले होते. सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवली. ती सगळी नुकत्याच छापलेल्या कार्डांवर बसली. वर लिंबू-मिरची टांगली. आता कुसुमबेनच्या हट्टानं अलारखभाईंना बोलावलं. अलारखभाई मिक्सर, रेडिओ आणि कॉम्प्युटर तिन्ही दुरुस्त करायचे आणि तिघांशीही डॉक्टरासारखे हळू आवाजात बोलायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी बरीच सफाई केली. मशीनमध्ये व्हायरस पकडणारे दोन प्रोग्रॅम होते आणि ते दिवसभर एकमेकांनाच पकडत बसत. त्यातला एक काढला. मशीन सुरू होताना विनाकारण जागे होणारे आणखी काही होते, त्यांना झोपवलं. शेकडो प्रकारची अक्षरं भरून ठेवली होती, त्यातली कुणी कधी न वापरलेली काढली. डिस्क तपासली, म्हातारी होती, पण खडखडीत होती. मशीन पूर्वीपेक्षा लवकर सुरू झालं. कुसुमबेननी आशेनं कंकोतरीवर टिचकी मारली. नाव उमटलं आणि थिजलं.

"बघा," धनसुखभाई म्हणाले. त्यांना वाईट वाटलं की बरं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

अलारखभाई दुसऱ्या दिवशी जेवण करून परत आले. या खेपेला त्यांनी काही काढलं नाही की घातलं नाही. नुसते एकेक प्रोग्रॅम उघडून बघत बसले. पत्त्यांचा खेळ लगेच उघडला. भजनं लगेच लागली. पत्र लिहायचा प्रोग्रॅम अडला. कंकोतरी अडली. मग त्यांनी कुसुमबेनना विचारलं, की यातलं कागदावर कायकाय छापता.

"पत्रं आणि कार्डं. पत्ते कशाला छापीन?"

अलारखभाईंनी मान हलवली आणि प्रिंटरांची यादी उघडली. तिथं वाटणीनंतर आणलेला छोटा प्रिंटर होता, पण खालच्या ओळीत. वर, पहिल्या मानाच्या जागी, मोठ्या प्रिंटरचं नाव तसंच होतं. त्यांनी समजावून सांगितलं: छपाईचे हे प्रोग्रॅम उघडायच्या आधी आपल्या पहिल्या प्रिंटरकडे जातात, कागद केवढा, कडेला किती सोडायचं हे विचारतात आणि मग पडद्यावर येतात. याचा प्रिंटर भिंतीपलीकडे गेला हे याला कुणी सांगितलंच नाही. तो रोज जातो, हाक मारतो, दारात उभा राहतो, आणि कुणी ओ दिली नाही की हिरमुसून परत येतो. तेवढा वेळ कुसुमबेनच्या शेंगांना मिळतो.

कुसुमबेननी हात थाळीतून काढला आणि पदराला पुसला.

"उपाय?" धनसुखभाईंनी विचारलं.

"दोन आहेत. ते नाव पुसून टाकायचं आणि छोट्याला वर बसवायचं. नाहीतर पलीकडची वायर पुन्हा जोडायची."

"पूस."

"पुसतो. आधी माझं निदान बरोबर आहे का ते तर बघू द्या, शेठ."

कपाटामागं, पतंगाच्या फिरक्यांच्या खाली, निळी वायर पडली होती. सुताराला ती कुणाच्या वाटणीची ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं प्लायवूडला भोक पाडून ती तशीच राहू दिली होती. पलीकडचं टोक जागेवरच होतं. अलीकडचं काय ते निघालं होतं. अलारखभाईंनी ते पुसलं, मशीनच्या पाठीत खोचलं आणि कुसुमबेनना खूण केली.

त्यांनी टिचकी मारली. प्रोग्रॅम असा पुढ्यात येऊन उभा राहिला, की त्या जरा मागंच सरकल्या.

त्याच वेळी भिंतीपलीकडे मोठा प्रिंटर घरघरला. एक कागद पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग थांबेचना. कुसुमबेनचा हात तोंडाकडे गेला. दिवाळीपासून कितीदा तरी त्यांनी जुन्या सवयीनं वरच्याच नावावर छापायला दिलं होतं, काही आलं नाही म्हणून पुन्हा दिलं होतं, आणि मग छोट्यावर छापून घेतलं होतं. ती सगळी कार्डं रांगेत तिष्ठत उभी होती. आता एकेक करून किरीटच्या दुकानात उतरत होती.

धनसुखभाईंनी वायर काढायला सांगितलं. आपली सगळी गिऱ्हाइकं त्याला समजतील, नावानिशी, पत्त्यानिशी. अलारखभाई वाकेपर्यंत पलीकडचा कागदच संपला. शांत झालं. किरीट ओरडेल, भिंतीवर हात मारेल, निदान हसेल, असं वाटून तिघं प्लायवूडकडे बघत राहिले. काहीच आलं नाही.

"काय करतोय?" न राहवून धनसुखभाईंनी विचारलं.

"वाचत असेल," कुसुमबेन म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं किरीट रस्त्यानं वळसा घालून आला. लाभपाचमीपासून त्यानं ही पायरी चढली नव्हती. कानावर लाल पेन, हातात कागदांचा गठ्ठा. तो बहिणीशी बोलला.

"बेन, रतिलालबापा वारले ना?"

"पावसाळ्यातच की."

"मग ते वाडीच्या दारात हात जोडून वऱ्हाडाचं स्वागत कसं करतायत?"

पोपटभाईंच्या थोरल्या काकांचं नाव निमंत्रकांत, सगळ्यात वर, ठसठशीत छापलं होतं. थोरलीचं कार्ड तसंच ठेवलं होतं ना. बापांच्या बेसण्याला, शोकाच्या बैठकीला, धनसुखभाई स्वतः गेले होते. पांढरे कपडे घालून, किरीटच्या शेजारी बसले होते. त्या कार्डाची स्क्रीन टेबलावर तयार होती. शाई कालवून ठेवली होती.

"पोपटभाईंनी बघून होकार दिलाय," धनसुखभाई म्हणाले.

"त्यांनी स्वतःचं नाव बघितलं असेल, कुमार."

हे वाक्य धनसुखभाईंचंच होतं. ते कार्ड हातात धरून उभे राहिले. भर बैठकीत पोपटभाईंच्या काकूंनी ते उघडलं असतं तर काय झालं असतं, एवढं चित्र रंगवायला त्यांना वेळ लागला. मग ते अलारखभाईंकडे वळले.

"वायर राहू दे."

अलारखभाईंनी हत्यारं गोळा करायला घेतली.

"पण मघाशी तू म्हणालास नाव पुसूनही चालेल," धनसुखभाईंनी विचारलं. मन वळलं तरी त्यांना कारण लागत असे.

"चालेल. पण जुनं मशीन आहे, शेठ. सवय मोडली की काय करेल, सांगवत नाही."

हे खोटं होतं, आणि दुकानातल्या चौघांपैकी तिघांना ते कळलं. चौथ्यालाही कळलं असावं, कारण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. खिशातून फोन काढला आणि भावनगरला लावला. पोरगा पलीकडून दर कमी करायला लागला असावा, कारण धनसुखभाईंनी त्याला मधेच तोडलं.

"नको. आमच्याकडं माणूस आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

कुसुमबेननी मान खाली घातली आणि चष्मा नाकावर घेतला.

किरीटला त्यांनी चहा विचारला. मग कधीतरी, असं तो म्हणाला आणि आला तसा रस्त्यानं निघून गेला. भिंत होती तिथंच होती. तिला दार नव्हतं. कुसुमबेननी रतिलालबापांना निमंत्रकांतून उचललं, नावामागं स्वर्गस्थ लावलं आणि आशीर्वाद देणाऱ्यांच्या ओळीत नेऊन बसवलं. बाकीची नावं पुन्हा एकदा बघितली. मग वरच्या नावावर छापायला दिलं. पलीकडं कागद भरल्याचा आवाज आला, प्रिंटर घरघरला आणि थांबला.

धनसुखभाई तोवर दुसऱ्याच कुणाच्या कार्डाची स्क्रीन लावून छापायला उभे राहिले होते. त्यांनी रबराची पट्टी शाईत बुडवली, उचलली, आणि प्लायवूडमधून आवाज यायला लागला. किरीट एकेक नाव मोठ्यानं, तोडून तोडून वाचत होता, शाळेत हजेरी घ्यावी तसा. बापांच्या नावाशी तो क्षणभर थांबला आणि पुढं सरकला. काका झाले, मामा झाले, आत्याबाई झाल्या. पट्टीच्या कडेला शाई जमून तिचा थेंब होत होता. धनसुखभाई ऐकत होते, त्यांनी ती खाली टेकवली नाही. पलीकडं अजून वराकडची नावं वाचायची बाकी होती.