स्वादाचे पाच मार्क

हिंदी शाळेतल्या गृहविज्ञानाच्या प्रॅक्टिकलमध्ये स्वादाचे पाच मार्क असायचे, आणि सरिताला ते चाखून दिलेलेच पाहिजे होते. कमी मिळाले तरी चालतील, पण चाखून!

त्याला कारण तिची चुलत बहीण मैना. गेल्या वर्षी मैनाने आलूची भाजी केली होती, बोटं चाटावी अशी. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बहनजींनी शेजारच्या टेबलावरचे दोन पकोडे खाल्ले, मैनाच्या टेबलाशी आल्या, कागदावरचा वस्तीचा पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "आज हमारा उपवास है." मग भाजीकडे नुसतं पाहून अडीच मार्क लिहिले. वस्तीने बौद्ध धर्म घेतल्याला बारा वर्षं झाली होती, पण पत्ता तोच होता. मैना रडली वगैरे नाही. घरी आली, ती सगळी भाजी एकटीने खाल्ली आणि त्यानंतर शाळेचं नाव काढलं नाही.

आता सरिता अकरावीत. आठ दिवस आधी चिठ्ठ्या निघाल्या. वर्गातल्या पुष्पलताला खीर आली, सरिताला बैंगन.

सरिताला बीजगणित यायचं, वादविवादात ती मुलांनाही हरवायची. वांगं मात्र तिने आजवर फक्त ताटात पाहिलं होतं.

"माय, मले वांगं शिकव," तिने घरी येऊन फर्मान सोडलं.

"सूर्य कुठून उगवला आज?" तिची आई शेवंताबाई म्हणाली. "बस इथं. आधी काप."

काप म्हणजे बोटभर जाड चकत्या. कापल्या की लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात. मग हळद, तिखट आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर. सरिता दर घडीला उलथणं घालून पाहायची.

"अवं, त्याले शांतपणे शेकू दे! सारखी काहून उठवून राह्यली त्याले?"

दुसऱ्या दिवशी भाजी. फोडी पुन्हा मिठाच्या पाण्यात, कढईत कांदा, लसूण, वरून फोडी, झाकण, झाकणावर पाणी. "मीठ चिमटीनंच टाक," शेवंताबाईने बजावलं. "त्या पाण्यातलं मीठ फोडी पिऊन बसल्या असते." सरिताने हे वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

तिसऱ्या दिवशी भरीत. तिचे बाबा चैतराम राईस मिलमध्ये कामाला, त्यामुळे घरात धानाच्या कोंड्याची शेगडी, पत्र्याच्या डब्याची. धुमसत्या कोंड्यात सरिताने वांगं अख्खंच ठेवलं, आणि पाच मिनिटांनी ते फट्‌कन फुटलं. राख उडाली ती सरळ चैतरामच्या चहात.

"मिलचं बॉयलर फुटलं काय?" चैतराम कपात डोकावत म्हणाला.

"त्याले आधी टोचे मारा लागते, बाई," शेवंताबाई हसून म्हणाली. "आतली वाफ जाईल कुठं?"

पुढचे चार दिवस घरात रोज भरीत. चौथ्या दिवशी चैतरामने विचारलं, "पुष्पलताच्या घरी खीर होऊन राह्यली ना रोज? तिथं जेवाले जाऊ काय?"

पण सरिताचं ठरलं होतं: परीक्षेला भरीतच. अडचण एकच, शाळेतल्या स्टोव्हवर भाजलं तर घासलेटाचा वास लागणार. ती ललिता बहनजींना जाऊन भेटली; त्याच गृहविज्ञान शिकवायच्या. "घर की सिगड़ी ला सकती हूँ?" बहनजी म्हणाल्या, "धुआँ बाहर करना." झालं! परीक्षेच्या सकाळी सरिता शेगडी कडेवर घेऊन शाळेत हजर.

पटांगणातल्या चिंचेखाली तिने कोंडा पेटवला. वांग्याला तेलाचं बोट फिरवलं, सुरीने टोचे मारले आणि देठ मऊ पडेपर्यंत वळवून वळवून भाजलं. साल कशी अलगद निघाली! मग कांदा, हिरवी मिरची, भाजलेला लसूण, सांबार म्हणजे हिरवी कोथिंबीर, वरून कच्चं तेल. मीठ घालताना तिला वहीतल्या दोन रेघा आठवल्या. चिमटीनंच.

यंदाच्या परीक्षक बहनजी वेगळ्या होत्या, जबलपूरच्या. पुष्पलताच्या खिरीचे त्यांनी दोन चमचे खाल्ले. मग सरिताच्या टेबलाशी आल्या. कागद वाचला. पत्त्यापाशी नजर जरा थांबली, निदान सरिताला तसं वाटलं.

"दिखने में तो अच्छा है," त्या म्हणाल्या, आणि पेन स्वादाच्या रकान्याकडे वळलं.

पण सरिताने तोंड उघडलंच.

"बहनजी, नमक दिखता नहीं."

"क्या?"

"नमक डाला है कि नहीं, देखने से पता नहीं चलता. स्वाद के पाँच नंबर हैं."

ललिता बहनजी खोकल्या. परीक्षक बहनजींनी सरिताकडे पाहिलं, भरताकडे पाहिलं. पेन खाली ठेवलं. चमचा उचलला.

त्या खात होत्या आणि सरिता त्यांच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली गेला.

"नमक कम है."

पुन्हा चमचा भरला. "बहुत कम है. भुना अच्छा है." आणि रकान्यात तीन लिहिले. सरिताने ते उलटेच वाचले.

त्या दिवशी सरिता घरापर्यंत चाललीच नाही, धावली. एका हातात शेगडी, दुसऱ्यात भरताचं भांडं.

"माय! मीठ कमी पडलं!"

"आता काय करू या पोरीले!" शेवंताबाईने कपाळाला हात लावला. "ते चिमटीचं भाजीले सांगतलं होतं. भरताचं वांगं कुठं मिठाच्या पाण्यात होतं? मंग घरी बरोबर कसं पडे?"

"घरी तूच टाकत होती ना मीठ! दोन मार्क कटले, माय!"

"मंग हासून काहून राह्यली?"

दारात मैना तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला.

"चाखलं त्यायनं?"

"हौ! दोन खेप!"

"अन् किती देले?"

"तीन. तुह्यापेक्षा अर्धाच जास्त."

मैनाने सूप बाजूला ठेवलं, भांड्यात बोट घालून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"अळणीच आहे वं," ती म्हणाली, आणि मिठाचा डबा आणायला उठली.