खांबाच्या पलीकडे

टण्ण!

सुटीच्या दुपारी सामसूम घरात स्टीलच्या वाटीत काहीतरी पडलं आणि नुकताच डोळा लागलेली बटण कुशीत चुळबुळली. पोरीचं खरं नाव शाळेच्या दप्तरापुरतं; घरात ती बटणच, कारण जन्मली तेव्हा तिचं नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं. आईने तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं आणि श्वास रोखून धरला. पुन्हा टण्ण.

ती दबक्या पावलांनी बाहेरच्या खोलीत आली. तिचे बाबा जमिनीवर फतकल मारून बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर गळ, दोरीची रिळं आणि शिशाची वजनं. एकेक शिसं उचलून ते तळहातावर जरा तोलत आणि वाटीत टाकत.

"बाबा, ती आत्ता झोपली होती हो. काय चाललंय?"

"आवराआवर. रविवारी हे सगळं भोंग्याला देऊन टाकतो. काठीसकट."

भोंगा म्हणजे बाबांचा जुना सोबती. जन्मभर फेरीबोटीवर तिकिटं फाडली आणि आवाज बोटीचाच घेऊन घरी आला. दर रविवारी दोघं किनाऱ्यावर शेजारी शेजारी उभे राहून गळ फेकत. पाण्यात जुन्या धक्क्याचा एक गंजका खांब उरला होता. लाटांची दुसरी रांग तिथे फुटायची. खांबाच्या पलीकडे पाणी खोल, तिथे मासे. अलीकडे नुसती वाळू.

"काठीसकट? मी एवढ्या हौसेने आणलेली?"

"काठीचा दोष नाही गं, खांदा संपला. जुनी काठी मोडली ना, तेव्हाच समजायला हवं होतं. आता साठ ग्रॅमचं शिसं आणि चिमूटभर आमिष लावतो, म्हाताऱ्याला झेपेल असं. तेसुद्धा खांबाच्या निम्म्या वाटेवर टपकतं. भोंगा म्हणतो, चमच्याने फेक, लांब जाईल."

ते हसले. तिला हसू आलं नाही. तिची आई वारल्यावर बाबांनी एकेक गोष्ट सोडली होती. आधी पत्ते, मग बाजार, मग शेजारच्यांकडचा चहा. रविवार तेवढा धरून ठेवला होता. तोही सुटला की हा माणूस खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसणार आणि तिथून उठणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. हातात तीन दिवस होते.

तिने काठी कोपऱ्यातून उचलली. मुठीच्या वर वीतभर कापडी पट्टी गुंडाळलेली होती. बाबांची जुनी सवय. काठी घरात आली की आधी तिला पट्टी. ओल्या हातातून सटकत नाही म्हणे. पट्टीचं टोक सुटलं होतं. तिने ते नखाने ओढलं.

"अगं, उसवतेस काय!"

"बाबा, खाली काहीतरी लिहिलंय."

"असेल कंपनीचं नाव."

नाव होतंच. त्याच्याखाली बारीक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: फेकायचं वजन शंभर ते दोनशे ग्रॅम.  तिने माळ्यावरून जुन्या मोडक्या काठीचा बुंधा काढला, तिचीही पट्टी सोलली. पन्नास ते शंभर ग्रॅम.

"जुन्या काठीला किती शिसं लावायचात?"

"शंभरचं. पक्कं आठवतं."

"आणि आमिष?"

"माशाचा मोठा तुकडा. मोठ्या माशाला मोठा घास लागतो. पण त्याचा काय संबंध?"

ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची. दिवसातून वीस वेळा तरी तिचं एकच वाक्य: "काका, खोक्यासकट वजन." लोक घरी नुसती वस्तू तोलून येत, खोकं, कागद, सुतळी जणू हवेचीच. आणि इथे तिचे स्वतःचे बाबा!

ती स्वयंपाकघरातून पिठाचा काटा घेऊन आली. शंभरचं शिसं ठेवलं. आमिषाच्या तुकड्याच्या जागी तेवढाच एक बटाटा ठेवला. गळ, तार, कडी, सगळं ठेवलं. काट्याने एकशे अठ्ठेचाळीस दाखवलं.

"झेपत होतं तिला शंभर. तुम्ही दीडशे टांगून सगळ्या ताकदीने झटका दिलात. मोडणारच."

बाबांनी चष्मा वर केला. "बरं, ती चूक झाली. म्हणून तर आता साठ लावतो."

"तीच तर दुसरी चूक! ही काठी शंभराच्या खाली जागीच होत नाही."

"काठीला काय झोप लागते?" दारातून बटणने विचारलं. झोपेचं खोबरं झालंच होतं. तिने येताना दप्तरातली पट्टी आणि खोडरबरही आणलं, कारण आईच्या हाताशी काही चाललं असलं की तिला आपलंही दुकान मांडायचं असे.

आईने ती पट्टी घेतली. टोकावर खोडरबराचा कपचा ठेवला, पट्टी जेमतेम वाकवून सोडली. कपचा पायाशी पडला. मग चांगली वाकवून सोडली. कपचा कपाटावर जाऊन आदळला आणि बटणने टाळ्या पिटल्या.

"पट्टी वाकते तेव्हा फेकते, बाबा. या काठीला वाकवायला वजन लागतं. साठ-सत्तर ग्रॅमने ती ढिम्म हलत नाही. मग सगळं फेकावं लागतं तुमच्या खांद्याला."

बाबा बराच वेळ त्या पांढऱ्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. "म्हणजे वर्षभर मी खांद्याला शिव्या घातल्या फुकट?"

"खांद्याची माफी नंतर मागा. रविवारी एकदा फेकून बघा. नाही जमलं तर मी स्वतः काठी भोंगाकाकांच्या घरी पोचवते."

रविवारी सकाळी तिने किनाऱ्यावर उलट्या बादलीवर काटा मांडला. सव्वाशेचं शिसं, आमिष, गळ, तार. एकशे अठ्ठावन्न. शंभर आणि दोनशेच्या मधोमध.

भोंगाकाकांनी कमरेवर हात ठेवले. "पार्सलबाई, मासे रजिस्टर्डने पाठवणार का?"

"पोचपावतीसकट, काका."

"अरे, ज्याला साठ जड झालं तो दीडशे फेकणार? काठी मोडली तर मला अर्धीच मिळेल!"

बाबांनी काठी उचलली. वजन मागे लोंबकळू दिलं आणि जुन्या सवयीने जिवाच्या आकांताने झटका मारला. बोट दोरीवरून उशिरा सुटलं. शिसं समोरच वाळूत धप्पकन रुतलं. भोंगाकाका इतके हसले की लांबचे पक्षी उडाले. बाबांची मान खाली गेली. त्यांनी काठी पुढे केली, भोंगाकाकांकडे.

 पण बटणची आई मध्ये आली.

"झटका नको, बाबा. बटणला झोक्यावर देता तसा द्या. हळू सुरुवात, मग वाढवत न्या. बाकीचं काठीला करू दे."

बाबांनी बटणकडे पाहिलं. मग पाय रोवले. काठी मागून सावकाश निघाली, वेग धरत गेली, आणि आईने पहिल्यांदा ती काठी वाकलेली पाहिली: मुठीपासून शेंड्यापर्यंत, कमानीसारखी. सूंऽऽ असा आवाज झाला. रिळातून दोरी सुटली ती सुटतच राहिली. पहिली लाट गेली. खांब गेला. त्याच्याही पुढे, काळ्याशार पाण्यात एक पांढरा ठिपका उडाला.

 मग बाबा ओरडले, शब्दच नव्हता तो, नुसता आवाज, आणि भोंगाकाकांचा भोंगा त्यात बुडून गेला. बाबांनी आणखी फेकलं. पुन्हा खांबापलीकडे. सहा वेळा. खांदा? खांद्याचं नावही कुणी काढलं नाही. सातव्या वेळी शेंडा दणकन वाकला आणि बाबा बटणला हाका मारत रीळ फिरवू लागले.

मासा बादलीत पडल्यावर भोंगाकाका आईजवळ सरकले. आवाज त्यांना जमेल तितका खाली आणला.

"पार्सलबाई, माझ्या काठीवर काय लिहिलंय ते बघ गं जरा. मीही पट्टी गुंडाळलीय."

"आणि माझी काठी?" बाबांनी डोळे मिचकावले. "न्यायची होती ना?"

"ठेव तुझी तुला! मोठा आलाय देणारा!"

घरी परतताना काठी बाबांच्या खांद्यावर होती, त्याच खांद्यावर. बटण बादलीची कडी धरून मध्ये चालत होती.

"ही काठी आता कुणालाच नाही," बाबा बटणला म्हणाले. "तू माझ्याएवढी झालीस की तुझी."

 बटणने दुसऱ्या हाताने आईचं बोट धरलं आणि हळूच विचारलं, "आई, मी आजोबांएवढी होईन ना, तेव्हा आजोबा कुणाएवढे असतील?"