ताईच्या मापाचा सोल

"पाय सैल सोड बाळ. जोर तू लावायचा नाहीस, मी लावेन."

मित्रांनो, हा आवाज मी अजून विसरलेलो नाही. पायांच्या दवाखान्यातल्या बाई खाली गुडघ्यांवर बसल्या होत्या. खुर्चीतल्या मुलीचा घोटा दोन्ही हातांत धरून त्या तिचं पाऊल फोमच्या खोक्यात अलगद दाबत होत्या. पाऊल वर उचललं आणि फोममध्ये खळगा उरला. तो खळगा म्हणजे मी. अजून वस्तू नव्हे, नुसता ठसा.

मी एक जुना सोल आहे. बुटाच्या तळाला रस्ता घासतो तो नव्हे. बुटाच्या आत, पावलाखाली, कुणाला न दिसता बसतो तो. मी डाव्या पायाचा. माझा उजवा भाऊही माझ्याबरोबरच जन्मला, पण दुखणं डाव्यात होतं, त्यामुळे त्याचं आयुष्य सुखात गेलं.

ती मुलगी लांब उडी मारायची. घरात तिला ताई म्हणत, मीही तेच म्हणतो. उडी घेताना सगळा भार डाव्या पावलावर यायचा आणि त्यातल्या एका लांब हाडाला केसाएवढी चीर गेली होती. शिवाय तिचं पाऊल आत कलायचं. म्हणून बाईंनी माझ्या ठशात प्लास्टर ओतलं, त्या प्लास्टरच्या पावलावर तापवलेलं प्लास्टिक बसवलं, चाकावर घासून घासून मला आकार दिला. आतली बाजू उंच केली, दुखऱ्या हाडाखाली खोलगट जागा ठेवली आणि वर निळं मऊ कापड चिकटवलं.

सुरुवातीला ताईने मला काय काय नाही म्हटलं! "बुटात दगड घातलाय की काय?" म्हणून ती मला काढून फेकायची. बाईंनी समजावलं होतं की आज थोडा वेळ, उद्या जरा जास्त, असं करत पावलाला सवय होईल. तसंच झालं. हाड सांधलं. ताई पुन्हा वाळूत उतरली त्या दिवशी तिच्या सरांनी सगळ्यांसमोर मला हातात घेऊन सांगितलं, "या सोलाने वाचवलं हिला." मी फुगून गेलो. मला काय ठाऊक, हेच कौतुक पुढे घात करणार आहे!

पुढे ताईचं पाऊल इतकं सुधारलं की माझी गरज उरली नाही. ती नोकरीला लागली आणि मी कपाटात गेलो. तुम्हाला वाटेल, आता हा आपल्या उपेक्षेचं रडगाणं गाणार. नाही हो. बरा झालेला पाय आपल्याला विसरला, यासारखं सुख आमच्या जातीला दुसरं नाही. मी कापडी पिशवीत समाधानाने पडून होतो.

ते समाधान भिंगरीने मोडलं. भिंगरी म्हणजे ताईची धाकटी बहीण. एका जागी बसणं ठाऊक नाही म्हणून हे नाव. ती धावायची आणि तिची डावी टाच दुखायला लागली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि बाईंकडून सोल करून घ्यायला सांगितलं. मैदानावर ताईचेच सर तिलाही शिकवायचे; ते म्हणाले, "निवडीच्या शर्यतीला दिसली नाहीस, तर जागा दुसरीला जाईल." सरांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पोरगी घाबरली.

आई घरी शिवणकाम करते. हात असा की एकदा कपडा बेतून शिवला की पुन्हा उसवायला लागत नाही. पण चांगली वस्तू पडून राहिलेली तिला बघवत नाही. ताईचा कोट भिंगरीला झाला, दप्तर झालं, पोहण्याचा पोशाखसुद्धा झाला. तिने कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं.

"हा एवढा गुणाचा सोल घरात असताना दुसरा कशाला?"

"अगं आई, डॉक्टर म्हणालेत, तिच्या मापाचा करून घ्या."

"म्हणू देत. तुझा पाय याच्यानेच बरा झाला ना? मग हिला काय वावडं? ही काय परकी आहे? सख्खी बहीण तुझी!"

"ताईचा? मला चालेल!" भिंगरी उडी मारून म्हणाली. ताईने घातलेलं काहीही तिला चालायचं.

"पुढून थोडा मोठा आहे, एवढंच," आई म्हणाली. "आण गं ती कात्री."

मित्रांनो, काय सांगू! माझ्या पुढच्या मऊ भागावर कात्री चालली. दुखलं त्याचं काही नाही. पण मला ओरडून सांगायचं होतं, की बाई गं, मी कोट नाही! कोट जरा ढगळ झाला तर माणूस बाह्या दुमडतो. माझी कुठली बाही दुमडणार? देवाने एकाच आईच्या पोटी दोन मुली दिल्या, पण पावलं निराळी घडवली. ताईचं पाऊल आत कलायचं, भिंगरीचं बाहेर. आणि माझी तर आतली बाजू उंच! म्हणजे ज्या दिशेला ती आधीच पडत होती, तिकडेच मी तिला ढकलत होतो. ती मैदानात धावे आणि प्रत्येक पावलाला मी तिचा घोटा बाहेर लोटत असे. ज्या कामासाठी मी जन्मलो, त्याच्या नेमकं उलट काम माझ्याकडून घडत होतं, आणि मला थांबताही येत नव्हतं.

त्यातून गंमत बघा. तिने एकदा भीत भीत सांगितलं, "आई, टोचतंय."

"ताईलाही टोचायचं सुरुवातीला. होईल सवय."

झालं! माझीच जुनी गोष्ट माझ्याच तोंडावर मारली. ताईला टोचायचं ते वेगळं आणि हे वेगळं, हे कोण सांगणार? मी वाकलो नाही, मोडलो नाही, म्हणून माझा राग येत होता मला. मोडलो असतो तर निदान पोरगी सुटली असती. भिंगरी नंतर गप्पच झाली. घोट्याला सूज आली तशी ती लपवायला लांब मोजे घालू लागली. शर्यत जवळ आली होती.

मग एका संध्याकाळी दोघी बहिणी नळावर पाय धुऊन घरात आल्या. कोरड्या फरशीवरून चालत गेल्या. आई मशीनवर होती, दातांत दोरा होता. तिची नजर सहज खाली गेली आणि मशीनचं चाक थांबलं.

फरशीवर ओल्या पावलांच्या दोन रांगा होत्या. एकीत सबंध पाऊल उमटलेलं. दुसरीत पुढे चवडा, मागे टाच आणि बाहेरून दोघांना जोडणारी दोऱ्यासारखी बारीक रेघ. मधे सगळं कोरडं.

"हे तुटकं पाऊल कुणाचं?"

"माझं," भिंगरी म्हणाली. "का गं?"

आईने तिच्या बुटातून मला काढलं आणि त्या ओल्या ठशावर ठेवलं. उंचवटा भलतीकडे, टाच भलतीकडे. तिने टेप लावून पाहिली, मग टेप हातातच राहिली. "मोजे काढ," ती म्हणाली. घोटा दिसला तेव्हा ती खालीच बसली.

"सांगितलं का नाहीस?"

"ताईला वाईट वाटलं असतं."

"मला?" ताई म्हणाली. "वेडाबाई! उद्या माझा चष्माही लावशील आणि भिंतीवर आपटशील!"

भिंगरी हसता हसता रडायला लागली. आई हसली नाही. "जन्मभर लोकांची मापं घेतली," ती हळू म्हणाली. "एकीच्या मापाचा कपडा दुसरीला कधी दिला नाही. आणि पोटच्या पोरीला..."

"पण शर्यत, आई? सर जागा दुसरीला देतील."

आई कधी मैदानावर गेली नव्हती. सरांशी बोलायचं म्हटलं की ती ताईला पुढे करायची. तिने भिंगरीचं पाऊल मांडीवर घेतलं. "उद्या सरांना मी सांगेन. जागा गेली तर जाऊ दे, पाय जाऊ द्यायचा नाही. आणि तिथूनच बाईंकडे जाऊन तुझ्यासाठी वेळ घेऊन येईन. माझा शब्द."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला टाकू नका. मी उलटं विनवतो. मला टाका. निदान दुसऱ्या कुणाच्या पायाखाली देऊ नका. वस्तूची काळजी घेणं म्हणजे ती संपेपर्यंत वापरत राहणं नव्हे. आणि कुणी म्हणालं, दुखतंय, तर त्याला दुसऱ्याच्या दुखण्याचा दाखला देऊ नका. आधी त्याचा मोजा काढून बघा.

सकाळी घर झोपेत होतं. मी खिडकीत पडून होतो. आईने मशीनवर झाकण घातलं. भिंगरीच्या पायाखालची उशी नीट केली. सरांना काय म्हणायचं ते दोनदा पुटपुटून पाहिलं, दुसऱ्यांदा आवाज जरा मोठा निघाला. मग चपला हातात घेऊन ती दाराबाहेर गेली आणि कडीचा आवाज होऊ न देता तिने दार ओढून घेतलं.