नाक ताजं आहे तोवर

"अगं, आधी हातपाय तरी धू!" नवरा मागून ओरडला, पण तोवर ती बॅग हातात घेऊनच तळघराच्या पायऱ्या उतरली होती. लेकीच्या बाळंतपणाहून आजच परतली होती आणि सासऱ्यांना कधी एकदा पणतवाचं सांगते असं तिला झालं होतं. शेवटच्या पायरीवर मात्र तिचे पाय थबकले. ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. भिजलेलं खोकं कुणी कोपऱ्यात विसरावं, तसा.

नवरा मात्र खूश होता. "बघ, कसं लख्ख केलंय! आज वाइन घ्यायला येणारा व्यापारी नुसता बघत राहील."

भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या आणि पिंपांखालचे लाकडी ओंडकेसुद्धा घासलेले दिसत होते.

"कशाने धुतलंत?"

"ब्लीचिंग पावडरने. एक जळमट राहिलं असेल तर दाखव."

ओलसर तळघरातल्या लाकडाला ती पावडर लावायची नाही, हे सासऱ्यांनी तिला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. त्यातून एक कुबट वास जन्मतो आणि तो बंद पिंपातल्या वाइनमध्येही शिरतो. मुलाला हे माहीत नव्हतं, कारण मुलाने विक्री बघायची आणि सुनेने चव, अशी घरातली वाटणी होती. धुलाई झाली तेव्हा सासरे गुडघा धरून वर अंथरुणात होते. पुढे ते खाली येऊन बसू लागले. वास रोज गुंजभर वाढत गेला आणि दोघा बापलेकांची नाकं त्याच्याबरोबर सरावत गेली. आता त्यांना तो येतच नव्हता.

तिचंही तेच होणार होतं. नाक फार लवकर माणसाळतं. दुपारपर्यंत तिलाही काही जाणवणार नव्हतं.

"आलीस?" सासरे पिंपाशेजारच्या स्टुलावरून म्हणाले. "पणतू कसा आहे?"

"नाक तुमच्यावर गेलंय, मामंजी."

"मग लग्नाला उभं करताना त्रास आहे," ते हसले. पिंपाचं बूच काढून त्यांनी काचेची नळी आत सोडली. पिंप लेकीच्या जन्माच्या वर्षी भरलेलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कुणालाही विकू दिलं नव्हतं, आणि आज विकायचं ठरलं होतं ते नातीला मूल झालं म्हणून. त्यांनी अर्धा ग्लास तिच्या हातात दिला. "सांग."

तिने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि चाखणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे खालच्या भांड्यात थुंकला. "वाळलेलं अंजीर. अक्रोडाची साल. मागाहून जुन्या चामड्याचा वास, आणि..."

"गुण नंतर. दोष आधी सांगायचा, विसरलीस का?"

तिने ग्लास खाली ठेवला. नवऱ्याने तिचा दंड धरून तिला जवळजवळ ओढतच अंगणात नेलं.

"काय झालंय तुला?"

"वाइन गेलीय. पुठ्ठ्याचा वास मारतेय."

"आम्ही दोघं महिना झाला तिथे बसतोय. आम्हाला येत नाही आणि तुला एका घोटात येतो?"

"म्हणूनच येतो."

"हे बघ, बाबांना या वयात असं काही सांगू नकोस. व्यापारी येतोय. त्याला ठरवू दे."

व्यापारी काय ठरवेल हे तिला ठाऊक होतं. पहिल्याच श्वासात तो नाक मुरडेल, आणि तेही सासऱ्यांच्या समोर. जन्मभर ज्यांच्या चवीच्या पारखीला लोकांनी माना डोलावल्या, त्या माणसाला आपलं तळघर कुजकं आहे हे परक्याच्या चेहऱ्यावरून कळेल. तिने मोकळ्या हवेत चार श्वास घेतले आणि पुन्हा खाली गेली. वास होता, पण मघापेक्षा फिका. पुन्हा वर आली, पुन्हा उतरली. आता तो शोधावा लागत होता. ती घाबरली.

"मामंजी, पुठ्ठा," ती एका दमात म्हणाली. "ओला पुठ्ठा. ह्यांनी लाकूड ब्लीचिंगने धुतलंय."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, थुंकला. "मला नाही लागत." दुसरा घेतला. "नाही गं."

"वर चला, अंगणात जरा बसा, म्हणजे लागेल."

"त्या पायऱ्या चढेपर्यंत..." ते बोलत होते तोच वर गाडीचा हॉर्न वाजला.

व्यापारी खाली आला तो कोटाची बटणं लावतच. नवऱ्याने घाईघाईने ग्लास भरला आणि पुढे केला. सासऱ्यांनी हात लांब करून तो मधेच काढून घेतला.

"हे पिंप नाही दाखवायचं. सुनेने नापास केलंय."

"बाबा!" नवरा कळवळला.

"आणि तुमचं स्वतःचं मत?" व्यापाऱ्याने विचारलं.

"माझं म्हणाल तर माझ्या हातून इतकी सुरेख वाइन कधी उतरली नाही." त्यांनी ग्लास पिंपावर ठेवला. "पण मी रोज इथेच बसतो. ती आज बाहेरून आलीय."

व्यापारी मान लववून निघाला. नवरा आणि ती त्याला सोडायला वर गेले. गाडीपाशी पोचल्यावर त्याने कोट काढला, बाही नाकाशी धरली आणि कोट दोनदा जोरात झटकला. नवरा ते बघत राहिला. गाडी गेल्यावर तो पायरीवर मटकन बसला. "मला वाटलं, जरा स्वच्छ दिसावं," एवढंच म्हणाला. तिला त्याच्यावर रागावता आलं नाही.

ती खाली आली तेव्हा सासऱ्यांची पिंपावर खडूने फुली मारून झाली होती. भरलेला ग्लास त्यांनी तिच्यापुढे धरला.

"अजून येतोय?"

तिने नाक आत घातलं. अंजीर होतं, अक्रोड होता. पुन्हा हुंगलं, डोळे मिटून. दुसरं काही नव्हतं. तिला रडू आलं.

"नाही येत, मामंजी."

"म्हणजे आलीस घरी," ते म्हणाले. मग त्यांनी थुंकायचं भांडं पायाने दूर सारलं, आपल्यासाठी दुसरा ग्लास काढला आणि सावकाश पिऊ लागले. तीही त्यांच्या शेजारी उलट्या खोक्यावर बसून पीत राहिली.